चार फूट खाली

जामच्या चौरस्त्यावर उतरणाऱ्याची नजर पाट्यांवर असते. नागपूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक ४४ इथून हिंगणघाटकडे निघतो, नंदोरी-वरोऱ्यावरून चंद्रपूरला जाणारा रस्ता इथूनच फुटतो आणि समुद्रपूर-गिरडच्या बाजूलाही इथूनच वळता येतं. मधल्या जागेत चहाच्या टपऱ्या, तर्री-पोहे, पंक्चरवाले आणि उभे ट्रक. ही गर्दी मागे पडली की लगेच काळी रानं सुरू होतात. मे महिन्याच्या अखेरीस ती उघडी पडलेली असतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, वखराची एखाददुसरी पाळी मारलेली, आणि जिथे वखर फिरला नाही तिथे मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पायाखाली’ हा विषय कळवला, तेव्हा हीच रानं आठवली. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या भावावर, कर्जावर आणि आत्महत्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. ज्या जमिनीवर हे सगळं घडतं ती जमीन मात्र बहुतेक लिखाणात ‘काळी कसदार माती’ एवढ्यावर आटोपते. यातलं ‘काळी’ डोळ्यांना दिसतं. ‘कसदार’ आपण गृहीत धरतो. या भागात एका धुऱ्याच्या अलीकडची पऱ्हाटी डिसेंबरात दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याला कापूस देत असते आणि पलीकडची ऑक्टोबरातच लाल पडून बसते. वरून दोन्ही शेतं सारखीच काळी. फरक कुठे आहे ते पाहायचं तर खाली उतरावं लागतं.

खड्ड्यातली भिंत

उतरायला जागा मिळाली ती एका विहिरीच्या खोदकामात. जेसीबीने वरची माती काढून बाजूला ढीग लावला होता आणि खड्डा मुरमापर्यंत पोचला होता. सोबत मृदाशास्त्र शिकवणारे एक मित्र होते. शेतमालकांचं म्हणणं एका वाक्यात होतं: “वरून पाहून काय समजते भाऊ, खाली उतरून पाहा.” 

जेसीबीच्या बकेटने भिंत लिंपल्यासारखी होते, थर दिसत नाहीत. मित्राने आधी सुरीच्या टोकाने वरपासून खालपर्यंत हातभर रुंदीचा पट्टा खरवडून काढला. मग माती बोलू लागली.

सगळ्यात वर दोन-तीन बोटं जाडीची भुसभुशीत, दाणेदार माती. ही वखरामुळे झालेली नव्हती, निदान फक्त वखरामुळे तरी नाही. उन्हात आकसून आणि वळवाच्या सरीत भिजून भारी जमिनीचा पृष्ठभाग आपला आपणच चुरा होतो. त्याखाली वीतभर वखरपट्टा. त्यात मागच्या पिकाची मुळं, धसकटं, गांडुळांची जुनी बिळं. वखरपट्ट्याच्या बुडाशी सुरी अडली. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणि दरवर्षी त्याच खोलीवर चालणाऱ्या अवजारांनी दाबून टणक झालेली ही पट्टी. पुष्कळ शेतांत मुळं इथे आडवी वळलेली दिसतात.

त्याखाली दीड-दोन फुटांपर्यंत टोकदार कोनांची ढेकळं. ओलावा हाताला जाणवू लागतो, मे महिन्यातसुद्धा. आणि मग खरा मासला: दोन फुटांपासून चार फुटांपर्यंतच्या थरात माती पाचरीच्या आकाराच्या तुकड्यांत निघते. तुकड्याची बाजू वळवून उजेडात धरली की ती चकाकते. तिच्यावर बारीक समांतर चरे उमटलेले असतात. हे पृष्ठभाग आडवेही नसतात आणि उभेही नसतात. तिरके कललेले असतात, एकमेकांना छेदून जातात. मातीचा एक मोठा तुकडा दुसऱ्यावर घासत सरकल्याच्या या खुणा. भारी काळ्या जमिनीची शास्त्रीय ओळख पटवायची असेल तर रंगापेक्षा ही चकाकी शोधतात.

चार फुटांच्या खाली रंग फिकट होत पिवळट तपकिरी झाला आणि पांढरे खडे दिसू लागले, हरभऱ्याएवढे, पुढे सुपारीएवढे. मित्राने पिशवीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली काढून दोन थेंब सोडले. खडा फसफसला. चुनखडी. वरच्या काळ्या मातीवरही थेंब टाकले. तिथेही बारीक बुडबुडे आले, पण खालच्याइतके नाहीत. चुनखडीच्या खाली पिवळा मुरूम, त्यात गोल सालपटं सुटत झिजत चाललेले दगड, आणि त्याखाली घट्ट काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट.

रंग कुठून आला

रंग मोजायचंही पुस्तक असतं. मुन्सेल नावाच्या त्या पुस्तकात छटांचे चौकोनी ठिपके असतात. ओली माती ठिपक्याशेजारी धरायची आणि जुळणारा आकडा लिहायचा. आमची वरची माती अतिगडद करड्या ठिपक्याशी जुळली.

जगात आणखीही काळ्या जमिनी आहेत. रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानांतली चेर्नोझेम ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि मृदाशास्त्र नावाचं स्वतंत्र शास्त्र तिथून उभं राहिलं असं मानतात. अमेरिकेच्या प्रेअरीतली जमीन तिच्याच कुळातली. हजारो वर्षं गवताची मुळं जमिनीत मरत राहिली, थंडीमुळे ती सावकाश कुजली आणि मातीत साठत गेली. तिथला काळा रंग हा त्या साठ्याचा रंग आहे. म्हणून तिथल्या शेतकऱ्याने रंगावरून कस ओळखला तर तो फारसा चुकत नाही.

आपल्याकडे तसं नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. मातीत पडलेला पालापाचोळा, शेण, मुळं पाहता पाहता जळून जातात. इथल्या कोरडवाहू शेतांच्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच दिसतो. तरी माती काळी दिसते, कारण तिच्यातली बारीक चिकणमाती थोड्याशा सेंद्रिय पदार्थाला इतकी घट्ट धरून ठेवते की तेवढ्यानेही सगळा थर गडद होतो. म्हणजे प्रेअरीत रंग हा भांडारातल्या मालाचा पुरावा आहे, इथे तो फक्त चिकणमाती जास्त असल्याचा. पऱ्हाट्या धुऱ्यावर जाळणारा शेतकरी ‘आपली जमीन काळी आहे, तिला काय होते’ म्हणतो, तेव्हा तो नकळत रशियाच्या जमिनीचा भरवसा विदर्भाच्या जमिनीवर ठेवत असतो.

फुगणं आणि आकसणं

या मातीत निम्म्याहून जास्त वाटा चिकणमातीचा असतो. चिकणमातीचा कण म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. त्यातही इथे स्मेक्टाइट गटातली खनिजं भरलेली आहेत. बेसाल्ट झिजून ती तयार होतात. त्यांची रचना मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारखी: पातळ थरावर पातळ थर, आणि दोन थरांमध्ये पाणी शिरू शकेल अशी फट. पाणी शिरलं की पानं दूर सरतात, पाणी गेलं की मिटतात. अशा एक ग्रॅम खनिजाच्या सगळ्या पानांचा पृष्ठभाग मोजला तर तो सातशे चौरस मीटरच्या घरात जातो. इतकी जागा असल्यामुळेच ही माती पाणी धरते, कॅल्शियम-पोटॅश धरते, आणि बैलाचा पायही धरते.

उन्हाळ्यात माती आकसते, भेगा पडतात. पृष्ठभागावरची भुसभुशीत माती, काडीकचरा त्या भेगांत घरंगळतो. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस भेगांतून थेट खाली उतरतो आणि जमीन खालून-वरून फुगायला लागते. पण भेगेत माती पडून जागा आधीच भरलेली असते. फुगणाऱ्या मातीला पुरेशी जागा मिळत नाही. बाजूने दाब, वरून वजन, त्यामुळे ती तिरकी वर सरकते. खड्ड्यात पाहिलेल्या चकाकत्या पाचरी या धक्काबुक्कीतून घडतात.

यावरून एकेकाळी असा समज होता की ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, वरची माती खाली आणि खालची वर करत राहते. तसं पूर्णपणे घडत असतं तर चार फुटांवरची माती आणि वखरपट्ट्यातली माती यांत काहीच फरक राहिला नसता. प्रत्यक्षात सेंद्रिय कर्ब वरून खाली क्रमाने कमी होत जातो आणि चुनखडी वाढत जाते. म्हणजे माती हलते हे खरं, पण थर मोडून टाकण्याइतकी उलथापालथ होत नाही. थर टिकून आहेत म्हणूनच ते वाचताही येतात.

शेताबाहेर या फुगण्या-आकसण्याचा हिशेब इंजिनिअरांना द्यावा लागतो. काळ्या मातीवर उथळ पाया घेतलेल्या घराच्या भिंती तिरप्या तडकतात. म्हणून गावातला मिस्त्री ‘मुरूम लागेपर्यंत खोदा’ म्हणतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तर अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा ठेवलेले पायाचे खांबच विकसित केले. महामार्गाचा भराव करताना काळी माती काढून मुरूम टाकतात. शेतातल्या विजेच्या खांबाला ती सोय नसते, म्हणून तो कललेला दिसतो.

टेकाडावरून नाल्याकडे

विहिरीच्या खड्ड्यातून बाहेर पडून आम्ही चढाच्या दिशेने चालू लागलो. चढ म्हणावा इतका तो डोळ्यांना जाणवत नाही. पण तीन-चार शेतं ओलांडेपर्यंत पायाखालचा रंग तपकिरीकडे झुकला, खडे वाढले, आणि टेकाडाच्या माथ्यावर कुदळीच्या दुसऱ्या घावालाच मुरूम लागला.

या क्रमाला नागपूर-वर्ध्याकडे जुनी नावं आहेत. नाल्याकाठची खोल ती काळी. तिच्यापेक्षा थोडी वर, चुनखडीचे खडे मिसळलेली मोरंड. त्याहून उथळ, खाली लगेच मुरूम लागणारी खरडी. आणि माथ्यावरची दगडगोट्यांची बरडी. मध्य प्रांतातल्या जमीनमोजणीच्या वेळी साहेबांनी हीच नावं दप्तरात घेतली. सारा ठरवताना मातीच्या नावासोबत तिची ठेवणही लिहीत: सपाट आहे का, उताराची आहे का, पाणी साचतं का. शेतकऱ्याचं वर्गीकरण त्यांनी उचललं, कारण ते उत्पन्नाशी जुळत होतं.

ते का जुळतं, याचं उत्तर मातीच्या जन्मात आहे. टेकाडावरचा दगड झिजतो, त्यातला बारीक भाग पावसाने खाली वाहतो आणि खोलगटात साठतो. नागपूरला अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन केंद्र आहे. १९७६ मध्ये ते स्थापन झालं. तिथल्या डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मातीतली खनिजं तपासून दाखवलं की एवढं स्मेक्टाइट आजच्या कोरडसर हवामानात तयार होणं शक्य नाही. ते पूर्वीच्या अधिक दमट काळात बेसाल्टमधून तयार झालं, नंतर वाहून सखल भागात बसलं. नाल्याकाठच्या काळ्या शेताचा मालक म्हणजे टेकाडवाल्याच्या जमिनीचा जुना वारसदार. हा व्यवहार थांबलेला नाही. जुलैत नाल्याचं पाणी ज्या रंगाचं दिसतं तो रंग वरच्या कुणाच्या तरी वखरपट्ट्याचा असतो.

समुद्रपूर तालुक्यातच गिरडची टेकडी आहे. तिथे शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि सगळ्या धर्मांची माणसं तिथे येतात. टेकडीवर गोल, सुपारी-नारळासारखे दिसणारे दगड सापडतात. आख्यायिका सांगते की दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला; त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी सुक्या पानांपासून नवा माल करून दिला. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरमध्ये ही कथा नोंदली आहे आणि ते दगड झिओलाइटयुक्त असल्याचंही तिथेच लिहिलं आहे. झिओलाइट हे बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होणारं खनिज. नागपूरच्या शास्त्रज्ञांना विदर्भाच्या काही काळ्या जमिनींतही ते सापडलं आणि त्याचं एक मोलाचं काम लक्षात आलं: ते सावकाश कॅल्शियम सोडत राहतं आणि त्यामुळे मातीचा निचरा टिकतो. ते का महत्त्वाचं, ते पावसाळ्यात कळतं.

पाण्याचा हिशेब

ऑगस्टमध्ये तेच शेत ओळखू येत नव्हतं. पऱ्हाटी कमरेला आली होती, सोयाबीन फुलावर होतं आणि बुटाला एवढी माती लागत होती की दहा पावलांनी काडीने ती खरवडावी लागे. भेगा बुजल्या होत्या. जून महिन्यात गटागट पाणी पिणारी ही जमीन एकदा फुगली की तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. बाकीचं साचतं किंवा वाहतं. वाफसा यायला आठवडा लागतो, तोवर डवरा चालत नाही आणि तण मोकाट वाढतं.

पण हीच जमीन ऑक्टोबरनंतर भाव खाते. एक मीटर खोल भारी जमीन पिकाला उपसता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवते. एक फुटावर मुरूम लागणारी खरडी जेमतेम ५० मिलिमीटर. भरात आलेलं कापसाचं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी ओढतं. पाऊस थांबल्यावर खरडीतली पऱ्हाटी दहा-बारा दिवसांत तहानेला लागते. खोल काळीतली महिनाभराहून जास्त तग धरते. बोंडं भरायचा काळ नेमका याच खिडकीत येतो. पूर्वीचा देशी कापूस खोल मुळांचा होता. आताचे संकरित बीटी वाण लांब मुदतीचे. ते उथळ जमिनीत लावले की बोंडं पोसण्याच्या वेळी पाणी संपतं, पानं लाल पडतात आणि दोष बियाण्याला किंवा खताला लागतो. उथळ कोरडवाहू जमिनीत कमी मुदतीचे, आटोपशीर वाण दाट लावावेत, हा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला याच गणितातून आला आहे.

खोल जमिनीचं दुखणं उलटं असतं. लांब उघडीप पडते, झाडं जोमात असतात, मग एकदम धो धो पाऊस येतो आणि मुळाशी पाणी साचून हवा कोंडते. दोन दिवसांत हिरवंगार झाड मान टाकतं. या आकस्मिक मरेवर बुरशीनाशक ओतून उपयोग नसतो, कारण इथे रोगजंतूच नाही. पाणी बाहेर काढून देणं हाच उपाय. त्यासाठीच हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली. आज तिचं बीबीएफ यंत्र गावोगाव आहे. यंत्र नसेल तर डवऱ्याला दोरी गुंडाळून दोन ओळींमध्ये सरी पाडतात. पावसात जास्तीचं पाणी सरीने जातं, उघडिपीत तीच सरी ओल धरते.

निचऱ्याचा आणखी एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पाऊस जितका कमी, तितकं मातीतलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बांधलं जातं आणि चिकणमातीवर सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रं बुजतात, पाणी खाली उतरत नाही. पाठ्यपुस्तकात धोक्याची रेषा १५ टक्क्यांची असते. विदर्भाच्या भारी जमिनींत पाच टक्क्यांच्या पुढेच कापसाचं उत्पन्न घसरू लागतं, असं नागपूरच्या अभ्यासात दिसलं. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात याचं टोक दिसतं. वर्ध्याला पाऊस जास्त असल्याने तेवढी वेळ नाही; पण हे बिघडणं खालच्या थरांत सुरू होतं. वर पांढरी पापुद्री दिसेपर्यंत थांबणाऱ्याला उशीर झालेला असतो. झिओलाइटचं कॅल्शियम इथेच उपयोगी पडतं.

वीतभर तपासणी

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी देशात मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. काम चांगलं आहे. जस्ताची कमतरता विदर्भात सर्रास आहे आणि ती पत्रिकेवाचून कळणार नाही. पण नमुना घेतात तो वरच्या वीतभर थराचा. त्यात मुरूम किती खोलीवर आहे ते येत नाही, चुनखडीचा थर कुठे सुरू होतो ते येत नाही, दोन फुटांवर पाणी उतरतं की अडतं तेही येत नाही. टेकाडावरची खरडी आणि नाल्याची काळी यांच्या पत्रिका जवळपास सारख्या निघू शकतात, आणि दोघांनाही कापसाची तीच शिफारस मिळते. महाराष्ट्राचा मृदा नकाशा १:२,५०,००० प्रमाणावर आहे; त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. आम्ही चाललो ती टेकाड ते नाला सगळी वाट त्यावर नखाएवढ्या जागेत मावते.

खोली मोजायची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात मोजणी अधिकारी विंगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीची प्रतवारी केली, तेव्हा माती किती हात खोल आहे ते पाहून दर्जा ठरवत. पावणेदोन हात खोल असेल तर वरचा दर्जा, पाव हात असेल तर तळचा. चुनखडी, उतार, पाणी साचणं अशा दोषांसाठी दर्जा खाली आणत. सारा वसूल करायचा होता, म्हणून सरकारने प्रत्येक शेतात खड्डा घेऊन पाहिला. आज सल्ला द्यायचा आहे, तर वीतभर मातीवर भागवतो.

हे सुधारायला नवी प्रयोगशाळा लागत नाही. जामच्या आसपास दर उन्हाळ्यात विहिरी खणल्या जातात, शेततळी होतात, पाइपलाइनचे चर पडतात. प्रत्येक ठिकाणी जमीन आपला छेद फुकट उघडून दाखवते. पाणी भरण्याआधी कृषी सहायकाने टेप घेऊन चार आकडे लिहावेत: वखरपट्टा किती, चकाकणाऱ्या पाचरी कुठून, चुनखडी कुठून, मुरूम कुठे. विहीर नसेल तिथे पहारीने एक खड्डा पुरतो. हे चार आकडे मृदा आरोग्य पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावतील. कोणत्या शेतात लांब मुदतीची पऱ्हाटी लावायची, कुठे कमी दिवसांचं सोयाबीन घेऊन मोकळं व्हायचं आणि कुठे आधी सरी पाडायची, हे त्यांवरून जूनमध्येच ठरवता येईल. ऑक्टोबरात पानं लाल पडल्यावर कृषी केंद्रात औषधाची बाटली मागण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.